वाचलेला वेळ कुणाचा?

प्रेस शॉपमध्ये डाय बदलायला किती वेळ लागेल हे सेटरच्या हातावर असतं, असं मी बरीच वर्षं धरून चाललो. हात चपळ असला की काम लवकर उरकतं, जड असला की मशीन बसून राहतं. या एका समजुतीतून मी ज्या चुका केल्या त्यांची किंमत कारखान्याने मोजली आणि त्याहून जास्त माझ्या हाताखालच्या माणसांनी मोजली. नव्याने कामाला लागणाऱ्या इंजिनिअर मुलामुलींना हे सगळं सांगावं असं मनापासून वाटतं, कारण जिथे जातो तिथे ती समजूत मला अजून ठाण मांडून बसलेली दिसते.

आमचा कारखाना भोसरीच्या एमआयडीसीतला. दुचाकी आणि तीनचाकी गाड्यांना लागणारे पत्र्याचे सुटे भाग आम्ही दाबून द्यायचो. ब्रॅकेट, क्लॅम्प, स्टँडच्या पट्ट्या, असला माल. २५० टनांच्या एका पॉवर प्रेसवरून यातला बराचसा माल जायचा, त्यामुळे तो थांबला की मागचं-पुढचं सगळंच अडायचं.

डाय बदलणं म्हणजे काय हे आधी सांगतो. डाय म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, तिचे दोन भाग असतात. खालचा प्रेसच्या टेबलावर, ज्याला बोल्स्टर म्हणतात, त्यावर आवळलेला आणि वरचा रॅमला, म्हणजे प्रेसच्या वर-खाली होणाऱ्या भागाला. एक जॉब संपला की रॅम खाली आणायचा, वरच्या अर्ध्याचे क्लॅम्प सोडायचे, रॅम वर घ्यायचा, खालचे बोल्ट काढायचे आणि क्रेनने डाय बाहेर घ्यायची. मग दुसरी आणायची, बोल्स्टरवर मधोमध सरकवायची. तिची उंची निराळी, म्हणून रॅमचा स्क्रू फिरवून शट हाइट, म्हणजे डाय मिटल्यावरची उंची, जुळवायची. वर-खाली आवळायचं, जपून एक स्ट्रोक मारायचा, पहिला पीस काढून क्वालिटीकडे न्यायचा. त्यांनी पास केला की उत्पादन सुरू. बर (कापलेल्या कडेला राहिलेली धार) आला, भोक सरकलं, वाक कमी पडला, की शिम घाल, पॅकिंग काढ, पुन्हा पीस, पुन्हा क्वालिटी. आमच्याकडे या सगळ्याला, म्हणजे सेटिंगला, दोन तास सहज जात, बिनसलं की तीन.

पहिली चूक मी शॉपवर नाही, टेबलावर बसून केली. १९१३ साली अमेरिकेत फोर्ड हॅरिस नावाच्या इंजिनिअरने एका वेळी किती माल काढावा याचं सूत्र मांडलं होतं. बॅच लहान ठेवली तर सेटिंगचा खर्च वाढतो, मोठी ठेवली तर साठवणुकीचा. दोन्हींची बेरीज सर्वांत कमी कुठे पडते ते त्या सूत्रातून निघतं. आम्ही कॉलेजात ते शिकलो होतो. त्यात सेटिंगचा खर्च हा एक आकडा असतो आणि तो आकडा मी कायमचा धरला. तो कमी करता येईल, ते आपलंच काम आहे, हा विचार मनाला शिवला नाही.

हिशेब मोठ्या बॅचच्या बाजूनेच बोलायचा. एका ब्रॅकेटला सहा सेकंद, म्हणजे मिनिटाला दहा नग. सेटिंग १२० मिनिटांचं धरा. १,००० नग काढले तर १०० मिनिटं काम आणि १२० मिनिटं सेटिंग, नगामागे १३.२ सेकंद. तेच १०,००० काढले तर नगामागे ६.७२ सेकंद. आकडा जवळपास निम्म्यावर येतो. मी प्लॅनिंगला सांगून टाकलं की एकदा डाय चढली की दहा हजारांखाली उतरवायची नाही. महिन्याच्या अहवालात प्रेसची उत्पादकता लगेच चढली आणि वरिष्ठांनी पाठ थोपटली.

मग पावसाळा आला. तेल लावून ठेवलेल्या सीआर (कोल्ड रोल्ड) पत्र्यालाही जुलैच्या दमट हवेत गंज धरतो. बिनच्या बिन ब्रॅकेट पॉलिश करायला परत काढावे लागले आणि त्या मजुरीचा खर्च माझ्या सूत्रात कुठेच नव्हता. एका बॅचमध्ये पंचाची कड मधेच तुटली होती. त्यामुळे आलेला बर आमच्या लक्षात आला वेल्डिंगवर माल गेल्यावर, आणि तोवर हजारो नग तसेच निघून गेले होते. एका भागाचं ड्रॉइंग ग्राहकाने बदललं, एक भोक थोडं सरकवलं, आणि शेडमधला सगळा साठा भंगारवाल्याच्या काट्यावर गेला.

यापेक्षाही वाईट गोष्ट मला उशिरा दिसली. दहा हजारांची बॅच म्हणजे साडेअठरा तासांहून जास्त प्रेस एकाच भागाला बांधलेला. तेवढ्या वेळात दुसरा भाग संपला तर त्याला वाटच नाही. गोदाम भरलेलं आणि ग्राहकाची लाइन भलत्याच एका ब्रॅकेटसाठी थांबलेली, असं वारंवार व्हायला लागलं. मग चालू बॅच मधेच तोडून, डाय उतरवून, तातडीची चढवायची. सेटिंग वाचवायला निघालो होतो आणि एका बॅचला दोनदा सेटिंग करत होतो.

ग्राहकांनी रोजच्या रोज थोडा थोडा माल मागायला सुरुवात केल्यावर सुटका उरली नाही. सेटिंगचा वेळ कमी करा, असा वरून हुकूम आला. मला एका प्रशिक्षणाला धाडलं. तिथे शिगेओ शिंगो या जपानी इंजिनिअरची गोष्ट ऐकली. १९५० साली हिरोशिमाच्या तोयो कोग्यो कारखान्यात, म्हणजे आजच्या माझ्दात, शिंगो मोठ्या प्रेसचं काम बघायला गेले होते. डाय बदलताना एक बोल्ट सापडेना. कामगार तो शोधत फिरला आणि शेवटी दुसऱ्या मशीनचा लांब बोल्ट आणून, कापून, आटे पाडून बसवला. ते पाहत असताना शिंगोंनी सेटिंगच्या कामाचे दोन भाग केले. एक, मशीन बंद असल्याशिवाय करताच येत नाही असं काम. दुसरं, मशीन चालू असतानाही आधी किंवा नंतर उरकता येईल असं. पुढे १९६९ साली टोयोटात १,००० टनांच्या प्रेसचं चार तासांचं सेटिंग आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आणलं गेलं. दहा मिनिटांच्या आत डाय बदलण्याची जी पद्धत आज जगभर शिकवतात ती यातूनच उभी राहिली.

मी या गोष्टीतून भलतंच घेऊन आलो. १९५० आणि १९६९ मधलं एकोणीस वर्षांचं अंतर मी पाहिलं नाही, तीन मिनिटांचा आकडा पाहिला. परत आल्यावर प्रेसच्या खांबावर मोठ्या अक्षरांत लावला. शेजारी एक फळा टांगला, त्यावर सेटरचं नाव आणि त्याला लागलेला वेळ. आणि मी स्वतः स्टॉपवॉच घेऊन प्रेसशेजारी उभा राहायला लागलो.

आमचे सर्वांत जुने सेटर होते, त्यांना सगळं शॉप मामा म्हणायचं. आवाजावरून डाय कुठे घासतेय ते सांगणारा माणूस. फळा लागला त्या दिवशी त्यांनी एवढंच विचारलं, "साहेब, यात बोल्ट शोधायचा वेळ धरायचा का सोडायचा?" मी म्हटलं, "सगळा धरायचा." यावर ते काही बोलले नाहीत. त्यांच्या प्रश्नात सगळं उत्तर होतं. ते ऐकायला मी तयार नव्हतो.

फळ्याचा परिणाम दिसला आणि वेळ खाली आला. तो कसा आला हे मी बघितलं नाही. पहिल्या शिफ्टचे सेटर चांगले बोल्ट, सरळ आट्याचे, आपापल्या लॉकरमध्ये ठेवायला लागले. दुसऱ्या शिफ्टला ते मिळेनात, मग त्यांनीही तेच केलं. बोल्ट हरवण्याचं खरं कारण मीच होऊन बसलो होतो. चार ठिकाणी आवळायच्या जागी कधी तीन ठिकाणी आवळलं जाई. शिवाय माझं घड्याळ मशीन सुरू झालं की थांबायचं. त्यानंतरचे पहिले चाळीस-पन्नास पीस स्क्रॅपच्या बिनमध्ये जात, ते कुठल्याच आकड्यात नव्हते. मागच्या जॉबच्या शेवटच्या चांगल्या पीसपासून पुढच्या जॉबच्या पहिल्या चांगल्या पीसपर्यंत जो वेळ जातो तो सेटिंगचा वेळ. हे मला माहीत होतं, प्रशिक्षणात सांगितलं होतं. मोजायला सोपं म्हणून मी दुसरं मोजत राहिलो.

आता जे सांगणार आहे ते सांगायला मला आजही जड जातं. दुसऱ्या शिफ्टला एक तरुण सेटर डाय चढवत होता. वरचा अर्धा अजून पुरता आवळलेला नव्हता आणि त्याला खालच्या अर्ध्यावर अडकलेला पत्र्याचा तुकडा दिसला. अशा वेळी मोटर बंद करून, फ्लायव्हील पुरतं थांबल्यावर, रॅमखाली सेफ्टी ब्लॉक उभा करायचा आणि मगच हात आत घालायचा, हा नियम आहे. त्याला त्या वेळी दोन-तीन मिनिटं गेली असती. त्याने माझ्याकडे, माझ्या हातातल्या घड्याळाकडे पाहिलं आणि ब्लॉक न लावता हात आत घातला. मी ते पाहिलं. मी बोललो नाही. त्या दिवशीचा आकडा चांगला येत होता.

मामा शिफ्ट संपवून निघाले होते, डबा हातात होता. ते धावत आले, इमर्जन्सी बटण दाबलं, त्या मुलाला मागे ओढलं. मग माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाले, "साहेब, ते घड्याळ बंद करा आधी."

त्या मुलाला काही झालं नाही. हे मी आजही स्वतःला समजावण्यासाठी वापरत नाही, कारण काही झालं नाही यात माझा काहीच वाटा नव्हता. पॉवर प्रेसवर बोटं गमावलेली माणसं आमच्या परिसरात मी पाहिलेली आहेत. त्याहून वाईट म्हणजे त्या दिवसाच्या शीटवर मी 'शेरा नाही' असं लिहिलं. सेफ्टी कमिटीपुढे ही घटना मी स्वतः मांडली ती बऱ्याच महिन्यांनी, मामांनी दुसऱ्यांदा सांगितल्यावर. तो फळा आणि तो तीन मिनिटांचा कागद मात्र दुसऱ्याच दिवशी काढला.

माणसांना पळवून उपयोग नाही हे कळल्यावर मी यंत्रावर पैसे टाकायला निघालो. बोल्ट आवळायचा वेळ वाचेल म्हणून हायड्रॉलिक क्लॅम्प मागवले. आमच्या डायच्या खालच्या प्लेटांची जाडी मात्र एकेकीची वेगळी होती आणि क्लॅम्पला ठरावीक जाडी लागते. मोजक्या दोन-चार डायना ते बसले, बाकी कपाटात राहिले. टूल रूमला एकदा विचारलं असतं तर खरेदीच झाली नसती.

खरी सुरुवात झाली ती व्हिडिओपासून, आणि तीही मी आधी चुकीचीच केली. एका सेटिंगचं पहिल्यापासून शेवटपर्यंत चित्रण केलं, ऑफिसात बसून आमच्या मॅनेजरसोबत पाहिलं आणि वेळ कुठे गेला याची यादी काढली. सेटर किती वेळा प्रेस सोडून गेला, किती वेळ नुसता उभा होता, असा त्या यादीचा सूर होता. ती घेऊन शॉपवर गेलो तेव्हा मामा म्हणाले, "आम्हालाही बघू द्या की."

गुरुवारी आमच्या भागात साप्ताहिक सुटी असते. एका बुधवारी शिफ्ट संपल्यावर कँटीनमध्ये सगळे बसले. सेटर, हेल्पर, क्रेनवाला, क्वालिटीची मुलगी, टूल रूमचे दोघे. चित्रण सुरू झालं आणि मी ज्याला 'नुसता उभा' म्हटलं होतं त्या प्रत्येक जागी कोणी ना कोणी बोलायला लागलं. इथे तो क्रेनची वाट बघतोय, क्रेन डिस्पॅचला अडकली होती. इथे तो एम-२० चा लांब बोल्ट शोधतोय, मागची डाय पातळ होती, ही जाड आहे. इथे डाय स्टोअरमधून आली ती मागच्या वेळचा कचरा आत तसाच घेऊन, म्हणून तो पुसतोय. इथे पीस क्वालिटीला दिला आणि क्वालिटीत जेवणाची सुटी होती. इथे शिम किती मिलीमीटरचा घालायचा ते मागच्या वेळी कोणी लिहून ठेवलं नाही म्हणून तो अंदाजाने घालून बघतोय.

त्या दोन तासांत पाना प्रत्यक्ष फिरत होता तो पाव तासही भरला नसता. बाकीचा सगळा वेळ वाट पाहण्यात, शोधण्यात आणि पुन्हा पुन्हा जुळवण्यात गेला होता. यातलं एकही काम सेटरचं नव्हतं. क्रेन कधी लागणार हे आधी सांगणं प्लॅनिंगचं काम, म्हणजे माझं. डाय साफ करून, धार पाहून स्टोअरमध्ये ठेवण्याची पद्धत नव्हती, ती घालून देणं माझं काम. पहिला पीस तपासायला गेज प्रेसपाशी ठेवणं, सेटिंगचे आकडे कार्डावर लिहून डायसोबत बांधणं, एका मापाचे बोल्ट पुरवणं, सगळं माझं. मी जो वेळ सेटरच्या नावाने फळ्यावर लिहीत होतो तो माझ्या न केलेल्या कामाचा वेळ होता. शिंगोंच्या गोष्टीतला तो हरवलेला बोल्ट मी प्रशिक्षणातही कामगाराचा गलथानपणा समजून ऐकला होता. त्या कँटीनमध्ये मला तो पहिल्यांदा नीट ऐकू आला.

वर्षातून एकदा खंडेनवमीला आमच्या शॉपवर सगळे पाने, ॲलन की, टॉमी, हातोड्या धुऊन-पुसून ओळीने मांडल्या जातात, त्यांना हळदकुंकू लागतं. त्या दिवशी कुठली वस्तू आहे, कुठली गेली, हे लहान मुलालाही कळेल. हे आम्ही इतकी वर्षं करत होतो, म्हणजे ते करता येत होतं. मामांनी सुचवलं की प्रेसपाशी तशीच एक फळी असू दे, प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेली, आणि ती कोणाच्याही लॉकरची नसेल.

पुढचं काम कष्टाचं होतं, पण सांगायला सोपं आहे. एक जुनी, फारच उंच डाय सोडली आणि उरलेल्यांतली सर्वांत उंच धरून बाकीच्यांच्या तळाला पॅरलल वेल्ड करून त्यांची शट हाइट एक केली. रॅमचा स्क्रू फिरवायची गरजच उरली नाही आणि जुळवाजुळवीचा मोठा वेळ गळून पडला. जिथे क्लॅम्प बसतो ती जाडी सगळीकडे सारखी केली, त्यामुळे एकाच लांबीचे बोल्ट पुरले आणि कपाटातले हायड्रॉलिक क्लॅम्पही कामी आले. बोल्टच्या भोकांच्या जागी यू आकाराच्या खाचा घेतल्या. बोल्ट आवळला जातो तो शेवटच्या फेऱ्यात आणि सुटतो पहिल्या फेऱ्यात, मधले सगळे फेरे फुकट असतात. खाच असली की नट थोडा सैल करून क्लॅम्प बाजूला सरकवता येतो. बोल्स्टरवर दोन लोकेटिंग पिना बसवल्या, डाय मागे सरकवली की आपोआप मधोमध. सेफ्टी ब्लॉकला प्लग जोडला, ब्लॉक जागेवरून काढला की मोटरचा सप्लाय तुटतो, त्यामुळे ब्लॉक लावताना मोटर बंद करायची की नाही हा प्रश्न कोणाच्या घाईवर राहिला नाही.

क्रेनचा तिढा सोडवला तो एका कंत्राटी हेल्परने. जालन्याकडचा मुलगा, आयटीआय अर्धवट सोडून आलेला. तो म्हणाला, "सर, क्रेनची वाट बघण्यापेक्षा डाय गाडीवरच ठेवली तर ढकलता येईल की." बोल्स्टरच्या उंचीची, वर रोलर असलेली ट्रॉली टूल रूमने जुन्या चॅनलमधून बनवली. पुढची डाय त्यावर आधीच तयार, मागची ढकलून दुसऱ्या ट्रॉलीवर. क्रेनची गरज प्रेस चालू असतानाच संपून जायला लागली. सेटिंग वीस-बावीस मिनिटांवर आलं आणि कोणीही धावत नव्हतं.

इथे थांबलो असतो तर ही यशाची गोष्ट झाली असती. माझी सर्वांत मोठी चूक यानंतरची आहे.

दर सेटिंगला दीड तासाहून जास्त वेळ मोकळा झाला. तो कशासाठी वापरायचा हे मी कोणाशी बोललो नाही, स्वतःशीही नाही. बॅच दहा हजारांचीच राहिली. मोकळ्या वेळात तोच माल आणखी काढला. शेडमधले बिन कमी होण्याऐवजी वाढले. आणि वार्षिक सादरीकरणात बचतीच्या रकान्यात मी लिहिलं, दर शिफ्टला एक हेल्पर कमी. क्रेनला हुक लावणारा, डाय ढकलणारा माणूस आता लागत नव्हता. कागदावर ते खरंच होतं. कमी झालेल्यांमध्ये ट्रॉली सुचवणारा तो मुलगाही होता. कंत्राटदाराने त्याला दुसऱ्या दिवशी येऊ नको म्हणून सांगितलं. मला हे सही करताना माहीत होतं. मी मान खाली घालून सही केली आणि स्वतःला समजावलं की हा निर्णय वरचा आहे.

सेटिंगचा वेळ हळूहळू पुन्हा वाढायला लागला. पंचवीस, तीस, चाळीस. ट्रॉलीचे रोलर अडकायचे, कोणी तेल घालेना. फळीवरचे पाने जागेवर नसत. कार्डावर आकडे लिहायचे राहून जात. भांडण, तक्रार काहीच नाही. मी बैठक घ्यायचो, सगळे यायचे, कोणी काही सुचवायचं नाही. शेवटी मी मामांनाच गाठलं. ते म्हणाले, "साहेब, पोरं म्हणतात, पुढची आयडिया दिली की पुढचा माणूस जाईल. मी काय सांगू त्यांना?"

मला उत्तर नव्हतं. त्या रात्री मी सादरीकरणाचा तो कागद पुन्हा काढून वाचला. हॅरिसचं जुनं सूत्रही काढलं. त्यात बॅचचा आकार सेटिंगच्या खर्चाच्या वर्गमुळाने बदलतो. सेटिंग एक चतुर्थांश झालं की बॅच निम्मी व्हायला हवी. मी ज्या सूत्राच्या आधाराने दहा हजार नग काढत होतो तेच सूत्र आता मला बॅच लहान कर असं सांगत होतं, आणि आकडा बदलल्यावर ते पुन्हा मांडून बघण्याची तसदीही मी घेतली नव्हती. साधा हिशेबही तेच सांगत होता. सेटिंग २० मिनिटांचं असेल तर १,००० नगांची बॅच नगामागे ७.२ सेकंदांत पडते. दहा हजारांच्या बॅचचे ६.७२ मिळवण्यासाठी मी गंज, भंगार आणि अडलेल्या लाइन पत्करत आलो होतो.

प्लँट हेडपुढे जाऊन मी दोन गोष्टी मागितल्या. वाचलेला वेळ बॅच लहान करण्यासाठी आणि डायच्या देखभालीसाठीच वापरायचा. आणि या कामामुळे कोणाचीही, कंत्राटी असो की कायम, रोजी जाणार नाही हे लेखी द्यायचं. पहिली लगेच मान्य झाली. दुसरीसाठी बरेच दिवस गेले, बरंच ऐकून घ्यावं लागलं. माझ्या आधीच्या सादरीकरणातला बचतीचा आकडा खोडून मला नवा मांडावा लागला. तो लहान दिसत होता, पण खरा होता.

त्या हेल्परचा नंबर क्रेनवाल्याकडून मिळाला. तोवर तो चाकणला दुसरीकडे लागला होता. मी माफी मागितली, परत येतोस का विचारलं. तो नाही म्हणाला. त्याने मला दोष दिला नाही, पण "आता नको सर" एवढं स्पष्ट सांगितलं. त्याच्या जागी मी असतो तर मीही परतलो नसतो.

लेखी कागद शॉपवर लागल्यावरही माणसं लगेच बोलती झाली नाहीत, आणि मी त्यांच्याकडून तशी अपेक्षा ठेवणंही बरोबर नव्हतं. दोन नव्या सुधारणा झाल्या, त्यानंतर कोणी गेलं नाही हे त्यांनी पाहिलं, तेव्हा कुठे बुधवारच्या बैठकीत आवाज यायला लागला. या सुधारणांनी मोकळे झालेले हेल्पर डाय स्टोअरमध्ये सफाई आणि धार तपासणीला लागले. तुटलेला पंच आता प्रेसवर चढण्याआधी सापडतो. सापडला नाही तरी बिघडलेला माल शेकड्यांत असतो, हजारांत नाही. बॅच साधारण दोन दिवसांच्या गरजेएवढी आहे. शेडचा अर्धा भाग रिकामा झाला, तिथे डायचे रॅक उभे केले.

सगळंच काम अजून मार्गी लागलेलं नाही. दोन डाय अजून तासभर घेतात. त्यातली एक म्हणजे ती सोडलेली जुनी, सगळ्यांहून उंच डाय. तिच्या एकटीसाठी बाकीच्या सगळ्यांची उंची पुन्हा वाढवण्यात अर्थ नाही. टूल रूमचं म्हणणं तिची तळप्लेट १५ मिलीमीटर घासून कमी करावी. मामा आता निवृत्त झाले आहेत, तरी या डायसाठी त्यांना बोलावलं होतं. ते म्हणाले, एवढी घासली तर प्लेट वाकेल, त्यापेक्षा तळप्लेटच नवीन, पातळ पण चांगल्या पोलादाची करा. खर्च जास्त आहे. मला मामांचं पटतं, पण दुसऱ्या शिफ्टच्या सेटरचं म्हणणं वेगळं आहे आणि ती डाय रोज तोच चढवतो. येत्या गुरुवारी शॉप बंद असताना प्लेट काढून, तपासून, त्याच्यासमोरच ठरवायचं आहे.